चाकूवर कोरलेला देश

मंडळी, आजचा प्रश्न खिशात मावेल एवढाच आहे. घडीचा चाकू घेताना तो कुठल्या देशात बनलाय हे पाहावं का? दुकानात गिऱ्हाईक आधी पात्याचं बूड बघतं. जर्मनी दिसलं की चेहरा खुलतो, चीन दिसलं की चाकू परत काउंटरवर. माझं मत आधीच सांगून टाकतो: देशाच्या नावावरून धार कळत नाही. पण त्या नावाखाली कुणी लबाडी केली, तर ती मला खपत नाही.

हा शिक्का आला कुठून ते ऐका. 19व्या शतकात चाकू-सुऱ्यांत नाव होतं इंग्लंडमधल्या शेफील्डचं. जर्मनीतल्या झोलिंगेनचे काही कारखानदार आपल्याच मालावर शेफील्डचं नाव ठोकून तो स्वस्तात विकायचे. 1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जर्मनीचेच परीक्षक फ्रांझ रलो यांनी आपल्या देशाच्या मालाला ‘स्वस्त आणि टाकाऊ’ असा शेरा दिला आणि मायदेशी पोटभर शिव्या खाल्ल्या. पुढे 1887 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदाच केला: परदेशी मालावर ब्रिटिश वाटेल असं नाव किंवा खूण असेल, तर तो कुठे बनलाय तेही छापा. म्हणजे ‘मेड इन जर्मनी’ हा चारचौघांत कपाळावर मारलेला डाग होता. गंमत अशी की जर्मनांनी माल सुधारला आणि काही वर्षांतच तो डाग मिरवण्याची गोष्ट झाला. 1938 मध्ये तर खास कायदा करून ‘झोलिंगेन’ हे नावच राखून ठेवावं लागलं. ज्या गावाने दुसऱ्याचं नाव वापरलं, त्याच्या नावावर आता इतरांचा डोळा होता!

जपानचंही तेच. युद्धानंतर जपानी माल म्हणजे हलका माल, असं जगभर म्हणत. आज सेकी शहराचं नाव पात्यावर असलं तर लोक जास्त पैसे मोजतात. मग तैवान आलं. आता चीनमधलं यांगज्यांग त्याच वाटेवर आहे. तिथे भंगार बनतं आणि अव्वल दर्जाचे चाकूही बनतात. देश तोच, गल्लीगणिक माल वेगळा.

आणि स्विस चाकू? कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये ईबाख गावात कारखाना काढला आणि 1891 मध्ये स्विस सैन्याला आपले पहिले चाकू पुरवले. पण त्या सैनिकी चाकूची अगदी पहिली खेप झोलिंगेनहून बनवून आणली होती, कारण तेवढे चाकू बनवण्याची सोय स्वित्झर्लंडमध्ये नव्हतीच. स्विसपणाची सुरुवात जर्मन भट्टीत झाली म्हणायची.

स्पायडर्को ही अमेरिकन कंपनी बघा. तिचे काही चाकू कोलोरॅडोत बनतात, काही सेकीत, काही तैवानमधल्या तायचुंगला, काही इटलीत, काही चीनमध्ये. गाव ती पात्यावर उघड कोरते. अमेरिकेतल्या पात्यांवर तर ‘गोल्डन, कोलोरॅडो, यू.एस.ए., पृथ्वी’ असा पत्ता असतो, म्हणजे मंगळावरून तक्रार करणाऱ्याची पंचाईत नको. पण सफाईत तायचुंगचा माल घरच्या मालालाही मागे टाकतो, असं म्हणणारे जाणकार पुष्कळ आहेत.

मग बघायचं काय? चाकू उघडा. पातं चिमटीत धरून आडवं हलवा. सांध्यात खुळखुळ लागते का? मिटवून उजेडाकडे धरा. पातं दोन पट्ट्यांच्या मधोमध बसतंय की एकीकडे घासतंय? खटका असेल तर पात्याची पाठ लाकडावर हलकेच दाबा, बोटं वाटेतून बाजूला ठेवून, आणि खटका सुटतो का पाहा. डोळ्यांना दिसत नाही ते एकच: पात्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून ते किती कडक केलंय. पोलाद तेच, पण भट्टी बदलली की चाकू बदलतो. पाणी कमी पडलं तर धार दुमडते, जास्त कडक झालं तर टवका उडतो. स्विस चाकूचं पातं मुद्दामच रॉकवेल 56 च्या आसपास ठेवतात (रॉकवेल म्हणजे कडकपणा मोजायचं माप). धार लवकर बोथट होते, पण दगडावर चटकन परतही येते. हा त्या कारखान्याने विचार करून घेतलेला निर्णय आहे, आल्प्सच्या हवेचा गुण नाही.

आपल्या बाजारात ‘जर्मन स्टील’ असं ठळक छापलेलं सर्रास दिसतं. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच की पोलादाचं मिश्रण जर्मन प्रमाणातलं आहे. ते कुठेही वितळवता येतं. म्हणून पुढून नको, पाकीट उलटून वाचा. आयात मालावर मूळ देश आणि आयातदाराचं नाव असायलाच हवं, आणि 2020 पासून ऑनलाइन विक्रीतही देश दाखवणं बंधनकारक आहे. दोन्ही गप्प असतील तर चाकू तिथेच ठेवा.

नावाच्या चोरीत खरी हालत झाली ती फ्रान्समधल्या लायोल गावाची. स्प्रिंगवर माशी कोरलेला तिथला चाकू प्रसिद्ध, पण नाव कुणीही वापरावं असं झालं. 1993 मध्ये एका बाहेरच्या व्यावसायिकाने ते नाव ढीगभर वस्तूंसाठी नोंदवून घेतलं, आणि लायटरपासून चादरीपर्यंत सगळं ‘लायोल’ झालं. 2012 मध्ये गावकऱ्यांनी निषेध म्हणून गावाच्या नावाची पाटीच काढून टाकली.

कामगाराचा विचार करून देश बघणार असाल, तर ते मला पटतं. शेफील्डच्या धार लावणाऱ्यांच्या छातीत दगडाची धूळ बसून ते अकाली मरत, आणि चाकूवर नाव मात्र अभिमानाने शेफील्डचंच असे. उलट 2001 मध्ये विमानात चाकू नेण्यावर बंदी आली, व्हिक्टोरिनॉक्सची, म्हणजे एल्सनर यांच्या त्याच स्विस कंपनीची, विक्री कोसळली, तरी त्यांनी माणसं काढली नाहीत. काहींना दुसऱ्या कंपन्यांत तात्पुरतं कामाला पाठवलं. हेही देशापेक्षा मालकावरच जास्त अवलंबून, नाही का?

इथे चिठ्ठी आली आहे: ‘तुम्ही स्वतः कोणता घ्याल?’ ओपिनेल, आठ नंबर. फ्रान्सच्या साव्हुआ भागातला, लाकडी मुठीचा, गोल कडी फिरवून पातं अडकवायचं. त्याचं न गंजणारं पातं स्वीडिश पोलादाचं असतं, म्हणजे तिथेही देश एक नाहीच. कार्बन पोलादाचाही मिळतो आणि धारेला तो मला जास्त आवडतो, पण तुम्ही रत्नागिरीकडचे असाल तर स्टेनलेसच घ्या. कार्बनचं पातं जुलैत तांबूस पडतं, खोबरेल चोपडलंत तरी.