पाण्याची रेघ

(दृश्य: भद्रकालीतलं दुकान. मोडक्या खुर्च्यांमागून कॅनव्हासची एक कड दिसते.)

निवेदन:

भद्रकालीत जुन्या सामानाचं एक दुकान आहे. कपाट बघायला गेले होते, खुर्च्यांच्या मागे हे चित्र सापडलं. दोनशे रुपये. दुकानदार म्हणाला, "ताई, लाकडाचे पैसे द्या, चित्र असंच न्या."

चित्रात गोदाघाट आहे. आपण नाशिककर ज्याला नुसतं 'गंगेवर' म्हणतो, तो. मागे देवळं, डावीकडे नदीपात्रात उभी दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती, उजव्या कोपऱ्यात धुणं आपटणारी बाई. चित्रकार शिवाजी तुपे यांच्यापासून आजच्या विद्यार्थ्यांपर्यंत कितीजणांनी हा घाट रंगवला! हा हातही सराईत आहे. बाईची पिवळी साडी चार फटकाऱ्यांत उभी केलीय, पाचवा मारलेलाच नाही.

पण खालचा तिसरा हिस्सा ओलीनं खाल्लेला. पोपडे निघून आतलं कापड दिसतंय. मधोमध चीर. सही पोपड्यांबरोबर गेली, तिच्याखालचे दोन आकडे तेवढे उरले: ६८.

(दृश्य: कापसाचा बोळा, चित्राची पाठ.)

अशा चित्रावर लगेच ब्रश चालवायचा नाही. आधी जाणकारांना दाखवलं. हात कुणाला ओळखता आला नाही, तेव्हाच मी कामाला बसले.

पहिला प्रश्न, रंग कुठला? कडेला स्पिरिटचा बोळा हलकेच टेकवला. अॅक्रिलिक असता तर बोळ्याला लागला असता. हा हलला नाही. जुना, कडक झालेला तैलरंग. म्हणजे वर अॅक्रिलिक चालणार नाही. तो लवकर वाळतो खरा, पण तेलावर धरत नाही, पुढे सालीसारखा सुटतो.

धूळ काढली ती थुंकीनं. संग्रहालयांतले संवर्धकही असंच करतात, लाळेतली विकरं मळ सोडवतात. चिरेला मागून कापडाचं ठिगळ लावलं. त्याच्या कडांचे धागे उसवून मोकळे ठेवले, नाहीतर ठिगळाची कड समोर उमटते. चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी जराशा ठोकल्या आणि सैल कॅनव्हास ताणला गेला.

आणि मग कित्येक दिवस ते चित्र नुसतंच खिळ्यावर टांगून ठेवलं.

(दृश्य: भिंतीवर चित्र. कॅमेरा हळूहळू खालच्या कडेकडे.)

एका संध्याकाळी दिसलं. जिथे पोपडे संपतात, तिथली ती मळकट कड. पूर ओसरल्यावर भिंतीवर राहते ना, अगदी तशी रेघ. २००८ साली, २०१६ साली सराफ बाजारातल्या दुकानांवर पाहिली होती तशी.

जे पाण्यानं नेलं, तिथे पाणीच येऊ द्यायचं.

उघड्या कापडाला आधी सरसाचा पातळ हात, मग तैलरंगाचं अस्तर. थेट तेल पडलं तर कापड कुजतं. त्यावर गढूळ पाणी रंगवायला घेतलं. खालचे थर टर्पेंटाइननं पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल जास्त. उलटं झालं तर रंगाला भेगा पडतात.

अडलं वेगळ्याच ठिकाणी. खराबी तिरकी होती, पाणी तिरकं कसं असेल? पातळी सरळ ओढली तर मारुतीच्या छातीला लागते, आणि उजवीकडे ती बाई पाण्याखाली जाते. चित्रातला सगळ्यात जिवंत भाग. तीन दिवस मला हात लाववेना. शेवटी तिथे तपकिरी रंग तेलात इतका पातळ केला, की खालचं झाकलं जाऊ नये. आता जवळ गेलं की पाण्याच्या आत ती पिवळी साडी दिसते. चारही फटकारे.

देवळांना आणि आभाळाला मी हात लावलेला नाही. ते त्याचं.

(दृश्य: आई चित्रासमोर.)

आईला मुद्दाम बोलावलं. १९६९च्या महापुरात ती सात वर्षांची होती, पंचवटीत राहायची. ६८ हे चित्राचं साल असेल, तर त्यानंतर वर्षभरातच तो पूर आला.

आई बराच वेळ बघत उभी राहिली. मग मारुतीच्या छातीवरून बोट वर सरकवत म्हणाली, "इथवरच काढलंस होय गं? आम्हाला मारुती दिसतच नव्हता."

वार्निशला अजून सहा महिने आहेत. रंग पुरता वाळलेला नाही.