अंड्याचे वाळवण

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो, पत्रिकेवर माझा विषय ‘कुस्करलेल्या बटाट्यावर नूडल्स कशासाठी?’ असा छापलेला आहे आणि त्याचे उत्तर मी देणारच आहे. परंतु पेनसिल्वेनियात २१ वर्षे काढल्यावर माझ्या मनात घर करून बसलेली एक गोष्ट आधी सांगितल्यावाचून मला राहवणार नाही. ती अशी, की शेतघरातल्या अंड्याच्या नूडल्स हे मुळात वाळवण आहे.

कोंबडीला नीट अंडी घालण्यासाठी दिवसाला साधारण १४ तास उजेड लागतो. त्यामुळे हिवाळ्यात खुराडे रिते राहायचे आणि वसंतात अंडी ठेवायला टोपल्या पुरायच्या नाहीत. घरात वीज आणि फ्रीज नसताना ती अंडी मैद्यात जिरवून, लाटून, कापून वाळवणे हा शहाणपणाचा मार्ग होता. आपण उन्हाळ्यात शेवया आणि कुरडया करतो, त्यामागचा हिशेब याहून फारसा वेगळा नाही.

या नूडल्स ज्यांच्या घरच्या, त्या लँकेस्टर परगण्यातील लोकांना ‘पेनसिल्वेनिया डच’ म्हणतात, पण त्यांचा हॉलंडशी संबंध नाही. १६८३ साली जर्मनटाउन वसले, त्यानंतर ऱ्हाइनकाठच्या प्रदेशातून येत राहिलेल्या जर्मनभाषकांचे ते वंशज. घोडागाडीवाले आमिश हा त्यांतला केवळ एक पंथ. (मागच्या रांगेतून ‘मग डच का?’ असे कुणी विचारले. त्या काळच्या इंग्रजीत जर्मनभाषकांनाही ‘डच’च म्हणत, साहेब.)

आमच्या शेजारच्या शेतावरील आजीबाईंनी मला हे काम शिकवले. त्यांनी ओट्यावर मैद्याचे आळे केले, त्यात अंडी फोडली आणि प्रत्येक अंड्यामागे अर्धे टरफल भरून पाणी घातले. मी मैद्याचे माप विचारले, तर ‘अंडी मागतील तेवढा’ असे उत्तर मिळाले. आपल्याकडे कणीक पाणी मागते, त्यांच्याकडे अंडी पीठ मागतात, एवढाच काय तो फरक! लाटलेली पोळी त्यांनी खुर्चीच्या पाठीवर धुतलेल्या टॉवेलवर टाकली आणि ती हाताला मऊ चामड्यासारखी लागू लागल्यावर गुंडाळी करून सुरीने सपासप कापली. पोळी ओली राहिली तर गुंडाळी चिकटते आणि फार सुकली तर तडकते. सगळी मेख त्या मधल्या वेळेत आहे.

मी मात्र सोलापूरच्या उन्हात वाढलेली. वाळवण म्हणजे गच्ची, ही माझी ठाम समजूत असल्यामुळे पुढच्याच जुलैत बारा अंड्यांच्या नूडल्स मी मागच्या ओट्यावर चादर पसरून घातल्या. इथल्या उन्हाळ्यात हवेला इतका ओलावा असतो, की दुपारी चारला त्या सकाळपेक्षा ओल्या लागत होत्या. त्यांचा एकच गोळा झाला आणि राखण करायला काठी घेऊन बसलेल्या आमच्या ह्यांचा डोळा लागताच खारींनी त्या गोळ्याची एक कड कुरतडून नेली. आता मी त्या तासभर घरातच सुकवून फ्रीझरमध्ये टाकते, म्हणजे माझ्या सिद्धान्ताला मीच सुरुंग लावते, हे मला मान्य आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा विषयावर येते. मळणीच्या दिवशी शेजारपाजारची माणसे कामाला येत आणि त्यांना जेवू घालणे यजमानीणबाईंकडे असे. अंडी घालण्याचे थांबलेली जून कोंबडी तासन्‌तास शिजवली, की मांस थोडे आणि रस्सा भरपूर मिळतो. त्या रश्श्यात नूडल्स शिजवल्या, की त्यांना लागलेल्या पिठाने तो आपोआप दाट होतो. तो बटाट्यावर वाढला की एका कोंबडीत अख्खी पंगत उठते. पिष्टावर पिष्ट हा खादाडपणा नसून पुरवठ्याची युक्ती आहे. मटणाच्या चार फोडींवर पातेलेभर रस्सा करणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

चौकोनी तुकड्यांच्या ‘बॉट बॉय’चे आणि आपल्या वरणफळांचे नाते सांगायचे राहिले. इंग्रजीत त्याला ‘पॉट पाय’ म्हणतात, पण त्याला वरून कवच नसते. चौकोन थेट रश्श्यात सोडतात, आपण वरणात सोडतो तसेच. त्याचे मोठे पातेले मी बाहेर ठेवले आहे. प्रश्नोत्तरे कृपया वाटी हातात घेऊनच करावीत, कारण निवल्यावर त्याची खळ होते आणि मग डावही हलत नाही.