कॉमन्सचं काय केलंत?

(न्यू जर्सीतल्या मराठी श्रोत्यांसमोर दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून संपादित केलं आहे.)

बेसबॉलची, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेली, कार्डं गोळा करणाऱ्यांना खेळात आता रस उरलाय का, असा आजचा प्रश्न आहे. तो विचारतानाच्या सुरात उत्तर आधीच ठरलेलं असतं. पूर्वीची पोरं खेळावर जीव टाकायची आणि हल्लीचे सगळे सटोडिये, इतकं ते सोपं. मला ते अर्धंच पटतं. संग्राहक आणि चाहता ही दोन माणसं पहिल्यापासूनच वेगळी होती. कधी ती एका कातडीत नांदली, कधी नाही.

जेफरसन बर्डिकचं उदाहरण घ्या. १९०० साली जन्मलेला, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा. लग्न केलं नाही, कारखान्यात नोकरी केली, आणि संधिवातानं हातांची बोटं वाकडी होत गेली. या माणसानं तीन लाखांहून जास्त छापील चिटोरी जमवली: सिगारेटच्या पाकिटातली कार्डं, पोस्टकार्डं, दुकानांच्या जाहिराती. त्यातली तीसेक हजार बेसबॉलची. सगळा संग्रह त्यानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला आणि तिथेच एका टेबलाशी बसून, दुखऱ्या हातांनी, तो अल्बममध्ये डकवत राहिला. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं, आणि दोनेक महिन्यांत माणूसही गेला. आज लिलावात जुन्या कार्डांना जे क्रमांक लावतात ते त्यानंच तयार केलेल्या सूचीतले. तंबाखूच्या कार्डांतला प्रसिद्ध टी-२०६ संच घ्या. त्यातला 'टी' बर्डिकचा, म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं. आणि हा या छंदाचा मूळपुरुष बेसबॉलचा शौकीन नव्हता. मोठ्या लीगचा, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेचा, एकही सामना त्यानं मैदानात जाऊन पाहिला नाही, असं सांगतात. त्याचा जीव होता छापील कागदावर.

म्हणून 'पूर्वी सगळे चाहते होते' हे मी ऐकून घेत नाही. पण पूर्वी काहीतरी होतं जे आता विरळ झालंय, हेही खरं आहे. ते काय, ते सांगतो.

१९५२ साली चला. ब्रुकलिनमधली टॉप्स ही बबलगम विकणारी कंपनी. तिथल्या साय बर्जर नावाच्या तरुण नोकरानं एका सहकाऱ्याबरोबर, आपल्या घरातल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, त्या वर्षीच्या संचाची मांडणी केली. ४०७ कार्डं. पुढे रंगीत चित्र, संघाचं बोधचिन्ह, खेळाडूची छापील सही. मागे उंची, वजन, जन्मगाव, चार ओळींची हकीकत, गेल्या वर्षीचे आकडे आणि एकूण कारकिर्दीचे आकडे. हा मागचा भाग मला पुढच्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्या काळी मोठ्या लीगमध्ये १६ संघ होते आणि सगळ्यांत पश्चिमेचं शहर होतं सेंट लुईस. डॉजर्स आणि जायंट्स कॅलिफोर्नियाला गेले १९५८ मध्ये. म्हणजे १९५२ साली लॉस एंजेलिसच्या पोराला मोठ्या लीगचा मोसमातला सामना मैदानात पाहण्याची सोयच नव्हती. रेडिओ होता, वर्तमानपत्र होतं, आणि गमबरोबर मिळणारं हे कार्ड. चेहरा कळायचा तो कार्डावरून. आकडे पाठ व्हायचे ते कार्डाच्या पाठीवरून. कार्ड म्हणजे खेळाकडे जायचं दार होतं.

आता मुद्द्यावर येतो. पाकिटात कोणाचं कार्ड निघेल हे नशीब. तुम्हाला हवा असायचा मिकी मँटल, त्या काळचा मोठा तारा, आणि दहा पाकिटं फोडली तरी तो मिळेलच असं नाही. मिळायचा एखादा राखीव कॅचर, मधल्या काही इनिंगपुरता येणारा पिचर, दोन हंगाम खेळून गावी परत गेलेला शॉर्टस्टॉप, म्हणजे इनफिल्डमधला, आतल्या मैदानातला क्षेत्ररक्षक. या कार्डांना छंदातले लोक 'कॉमन' म्हणतात. संच पुरा करायचा तर मँटलइतकेच हे कॉमन लागतात, कारण चेकलिस्टमध्ये प्रत्येकाला एकच क्रमांक. त्यामुळे संच जमवणाऱ्या पोराला पिट्सबर्गच्या राखीव इनफिल्डरचं नाव माहीत असायचं, त्याचं जन्मगाव माहीत असायचं. आणि बेसबॉल खरोखर याच माणसांवर चालतो. मोसमात दीडशेहून जास्त सामने असतात, आणि दहापैकी तीनदा हिट मारणारा बॅटर उत्तम ठरतो. म्हणजे बहुतेक वेळ बहुतेक माणसं अपयशी होत असतात, आणि ते पाहत बसण्यात ज्याला गोडी वाटते तो चाहता. संग्राहक चाहता आहे का हे त्याच्या मँटलवरून कळत नाही. तो कॉमन्सचं काय करतो यावरून कळतं.

मँटलचं नाव निघालंच आहे तर ती कथाही ऐका. १९५२ च्या संचाचा शेवटचा भाग, ३११ क्रमांकापासूनचा, बाजारात आला तोवर मोसम सरत आला होता. पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळलेलं, दुकानदार माल घेईनात. मँटलचा क्रमांक नेमका ३११. कंपनीच्या गोदामात खोकीच्या खोकी पडून राहिली. जत्रांतून कवडीमोलानं खपवायचा प्रयत्न झाला. अखेर १९६० मध्ये उरलेला माल बार्जवर चढवून अटलांटिकमध्ये, आपल्याच किनाऱ्यासमोर, बुडवला. ही हकीकत बर्जरनं स्वतः सांगितलेली आहे. त्या मालापैकी जो समुद्रापासून वाचला त्यातला काही साठा मॅसॅच्युसेट्समधल्या एका घरात पडून होता. १९८० च्या दशकात तो एका व्यापाऱ्याच्या हाती लागला. त्यातलंच एक मँटल ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. बरं, हे मँटलचं पहिलं कार्डही नव्हे. पहिलं १९५१ मध्ये बोमन कंपनीनं काढलेलं आहे.

त्या कार्डाला एवढी किंमत का, तर ते कोऱ्यासारखं आहे म्हणून. ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या कोपरे पाहतात, कडा पाहतात, पृष्ठभाग पाहतात, छपाई मधोमध आहे की नाही ते पाहतात, १ ते १० मध्ये गुण देतात आणि कार्ड प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये कायमचं बंद करतात. १९५२ च्या ज्या पोरानं मँटल खिशात घालून शाळेत नेला, सायकलच्या चाकाला चिमट्यानं लावून फडफडवला, भिंतीवर टाकून पैजा लावल्या, त्याच्या मँटलला आज २ किंवा ३ गुण मिळतील. ज्या कार्डाला कुणा पोराचा हात लागला नाही, ते सगळ्यांत महाग. मला यात काही पाप दिसत नाही. दुर्मीळ वस्तूचा बाजार असाच चालतो. पण या मोजपट्टीत खेळावरच्या प्रेमाची नोंद वजाबाकीत होते, एवढं लक्षात ठेवा.

१९८० च्या दशकात काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते कंटाळवाणं आहे. टॉप्सची मक्तेदारी कोर्टात आव्हानात सापडली, १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस मैदानात आल्या. जेम्स बेकेट नावाच्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकानं किमतींची मार्गदर्शिका काढली, १९८४ पासून तिचं मासिक निघू लागलं. पोरांना आपल्या खोक्याची किंमत महिन्याच्या महिन्याला कळू लागली. १९८९ मध्ये अपर डेक आली, संचातला पहिलाच क्रमांक केन ग्रिफी ज्युनियर या नवख्या खेळाडूचा. मोठी माणसं मुलांच्या कॉलेजच्या खर्चासाठी म्हणून बंद खोकी माळ्यावर ठेवू लागली. सगळ्यांनीच जपून ठेवलं, म्हणून ते आज दुर्मीळ नाही. १९९४ मध्ये खेळाडूंच्या संपानं वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, रद्द झाली आणि त्या बाजाराचीही हवा गेली. त्या काळातला माल आजही रद्दीच्या भावात मिळतो. आपल्यापैकी काहींच्या तळघरात असेलच!

खरा फरक मला २०२० साली दिसला. त्या वर्षी साथीमुळे मोसम ६० सामन्यांचा झाला, साखळी सामन्यांत स्टेडियमं रिकामी राहिली. आणि त्याच ऑगस्टमध्ये माइक ट्राउट या खेळाडूचं २००९ सालचं एक कार्ड, जे जगात एकच आहे, ३९ लाख डॉलरच्या वर गेलं. ट्राउट म्हणजे आपल्याच राज्यातल्या मिलव्हिलचा मुलगा. पुढच्या वर्षी ग्रेडिंग कंपनीकडे इतकी कार्डं साचली की तिला बरीचशी नवी स्वीकृती थांबवावी लागली. एका मोठ्या दुकानसाखळीनं पार्किंगमध्ये मारामारी झाल्यावर कार्डांची विक्री काही काळ बंद ठेवली. मैदानात प्रेक्षक नाही, आणि कार्डासाठी दुकानाबाहेर रांग. खेळ आणि कार्ड यांचा धागा किती सैल झाला होता याचा याहून मोठा पुरावा मी देऊ शकत नाही.

सध्याची रीत 'ब्रेक'ची. एकजण महागडी खोकी ऑनलाइन उघडतो, तुम्ही आधी पैसे भरून एखाद्या संघाची जागा घेता, आणि त्या संघाची जी कार्डं निघतील ती तुमची. त्यात सही असलेलं, जर्सीचा तुकडा लावलेलं, मोजक्याच प्रती काढून क्रमांक घातलेलं असं काही निघालं तर आरडाओरडा. आणि साधी कार्डं? बऱ्याच ब्रेकमध्ये ती पाठवतसुद्धा नाहीत. टपालखर्च त्यांच्या किमतीपेक्षा जास्त! कॉमन आता कचरा झाला आहे, आणि कॉमनबरोबर राखीव इनफिल्डरचं नावही.

पण थांबा. या बाजारातच एक जमात आहे जिला चाहता नाही म्हणणं जड जातं. हे लोक मायनर लीगमधल्या, म्हणजे खालच्या पायरीवरच्या संघांतल्या, अजून कोणी नाव न ऐकलेल्या पोरांची बोमन कार्डं घेतात. रोज रात्री बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्यांचे तपशीलवार आकडे, तपासतात. आयोवातल्या कुठल्याशा संघात १९ वर्षांचा शॉर्टस्टॉप चेंडू किती वेगानं टोलवतो हे त्यांना तोंडपाठ असतं. यांच्याइतका अभ्यास माझा नाही, आणि बहुधा तुमचाही नाही. मग अडलं कुठे? तो मुलगा मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा बोलावला जातो, तो यांचा विकायचा दिवस असतो. साधा चाहता ज्या दिवशी त्याच्याकडे पाहायला सुरुवात करतो, त्याच दिवशी हे निघून जातात. ज्ञान आहे, आस्था आहे, पण सोबत नाही. पहिल्या मोसमात त्याला दहापैकी दोनदाही हिट जमणार नाही, गुडघा दुखावेल, परत खाली पाठवला जाईल, तेव्हा त्याच्यासाठी कोण कुढणार? यांना मी खेळाचे नाही, शक्यतेचे चाहते म्हणेन.

पॉल स्कीन्सच्या कार्डाबद्दल मला हमखास विचारतात. पिट्सबर्ग पायरेट्सच्या या पिचरनं मे २०२४ मध्ये पदार्पण केलं. त्या दिवशी त्याच्या जर्सीवर असलेली पदार्पणाची कापडी पट्टी काढून टॉप्सनं एकाच कार्डात बसवली. नाताळात लॉस एंजेलिस भागातल्या ११ वर्षांच्या मुलाला ते पाकिटात निघालं. पायरेट्सनी जाहीर केलं होतं की कार्ड आम्हाला द्या आणि होम प्लेटमागच्या दोन जागांचं ३० वर्षांचं मोसम-तिकीट घ्या, शिवाय स्कीन्सची भेट वगैरे. कुटुंबानं ते नाकारून मार्च २०२५ मध्ये लिलाव केला. ११ लाख डॉलर आले. लोकांनी लगेच हळहळ व्यक्त केली: बघा, खेळ नको, पैसा हवा. अहो, लॉस एंजेलिसच्या मुलानं ३० वर्षं पिट्सबर्गला जाऊन बसायचं का? ज्या संघाशी आपला संबंध नाही त्याची तिकिटं नाकारणं हीच तर निष्ठेची खूण आहे. कार्ड विकत घेतलं पिट्सबर्गजवळ मुख्यालय असलेल्या डिक्स या क्रीडासाहित्याच्या दुकानसाखळीनं. त्यावर मला अवाक्षर बोलायचं नाही.

कॉमनवर प्रेम करणारे लोक संपले का? नाहीत. कार्ड-शोमध्ये चकचकीत काचेच्या पेट्यांमागे, खालच्या बाजूला, दहा-दहा सेंटच्या कार्डांची लांब खोकी असतात. तिथे खुर्ची ओढून, हातात वहीतली यादी घेऊन बसलेली माणसं बघा. त्यांना संचातला हरवलेला एखादा क्रमांक हवा असतो. आणखी एक जमात आहे, तिच्याबद्दल मला फार आपुलकी वाटते. हे लोक निवृत्त खेळाडूंना टपालानं कार्ड पाठवतात आणि सही मागतात. प्रसिद्ध खेळाडूंना नाही, कारण ते पैसे मागतात किंवा उत्तरच देत नाहीत. दोन-तीन हंगाम खेळून पुढे विमा एजंट, शाळेतले प्रशिक्षक, शेतकरी झालेल्या माणसांना. त्यांच्याकडून कार्डावर सही येते, आणि कधी सोबत चिठ्ठी: अमुक सामन्यात अमुक चेंडूवर मी काय केलं, त्या दिवशी वारा कसा होता. आकड्यांत नसलेला बेसबॉल या पाकिटांतून येतो.

तुमच्या मुलांना करून पाहायचं असेल तर माळ्यावरचं खोकं खाली काढा आणि कॉमनपासून सुरुवात करा. पत्र हातानं लिहा, छोटं लिहा, त्या माणसाच्या कारकिर्दीतली एक गोष्ट आधी शोधून त्यात घाला. आणि स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट आत ठेवायला विसरू नका, नाहीतर उत्तर यायचं नाही.