सरकीच्या तेलाच्या डब्यावर काय लिहिलंय?

मंडळी, हा डबा पुढच्या रांगेपासून मागेपर्यंत फिरू द्या. सरकीच्या रिफाइंड तेलाचा आहे, परवाच घरी रिकामा झाला. उष्मांक छापलेत, हिरवा ठिपका आहे. ‘जीएम’ ही अक्षरं कुठे सापडली तर मला सांगा.

जनुकबदल केलेलं अन्न ज्या पाकिटात असेल, त्याच्या दर्शनी भागावर अगदी वर ‘जीएम’ लिहावं, असा केंद्राचा नियम १ जानेवारी २०१३ पासून आहे. आणि सरकी कुठून येते, हे इथे कुणाला सांगायला नको. बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली २००२ साली. आज देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे. आपण त्याला रुईचं पीक समजतो. पण जिनिंगमध्ये क्विंटलभर कापूस घातला की रुई निघते पस्तीस किलोच्या आसपास, बाकी बहुतेक सरकीच. तेल आपल्या कढईत, ढेप गाई-म्हशींपुढे. २०१० साली बीटी वांग्यावर जनसुनावण्या झाल्या, आपल्या नागपुरातही झाली, आणि वांगं थांबलं. तोवर सरकीचं तेल आठ वर्षं आपल्या पोटात जात होतं. त्याबद्दल कुणी विचारलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

हे तेल विषारी आहे असं मी म्हणत नाही. बीटीचं प्रथिन ढेपेत राहतं. रिफाइंड तेलात प्रथिन नाही, जनुकंही हाती लागत नाहीत. प्रयोगशाळेत नमुना पाठवला तर काही सापडणार नाही. खरी मेख इथेच आहे. अमेरिकेत २०२२ पासून लेबल सक्तीचं झालं, पण तपासात जनुकं सापडत नसतील तर असं तेल त्यातून सुटतं. युरोपात २००४ पासून उलटं आहे: माल कशापासून आला हे विकणाऱ्याने पुढच्याला लिहून द्यायचं, आणि ते लेबल तेलावरही येतं. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२१च्या मसुद्यात, एखाद्या घटकात एक टक्का किंवा जास्त जीएम असेल तरच लेबल, अशी मर्यादा होती. टक्का प्रयोगशाळेत मोजायचा ठरला, तर सरकीचं तेल कायमचं सुटलं. मला युरोपची रीत पटते. खाणाऱ्याला पिकाचं मूळ कळायला हवं, आणि ते कागदावरच कळतं.

शेतकरी मला विचारतात, “भाऊ, लेबल लागलं आणि सरकी पडली, तर कापूस पडेल त्याचं काय?” ही भीती खरी आहे, सरकीच्या भावावर कापसाचा भाव हलतो. म्हणूनच म्हणतो, नियम उलटा करा. सरकीचं तेल म्हणजे जीएम, हे सगळ्याच डब्यांवर छापा. आपलं तेल बिगर-बीटी आहे असं ज्याला म्हणायचंय, त्याने बियाण्याच्या बिलापासून काट्याच्या पावतीपर्यंत कागद दाखवावेत. सगळ्यांवर एकच शिक्का असला, तर व्यापाऱ्याला लेबलाचं निमित्त करून एकाचाच भाव पाडता येणार नाही.

डबा मागे पोचला का? सापडलं काही?