सादळलेली कांडी

विषय जाहीर झालाय ‘कुठल्या लाकडाचा धूर चांगला’. त्याकडे येतोच. पण आधी ही कांडी बघा, लाकडाचा भुसा दाबून केलेली, धुरावर मांस शिजवायच्या शेगडीत जाळायची. जाडी साधारण ६ मिलिमीटर. मोडतो हं... ऐकलंत? हा ‘कट्’ आवाज आला तर ती कोरडी. आवाज न येता चुरली तर सादळलेली, मग पिशवीवर हिकरी लिहिलेलं असो की ओक, म्हणजे लाकूड कुठलंही असो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एकदा वीस माणसं जेवायला यायची होती. मांसाचा मोठा तुकडा पहाटेच शेगडीत लावला होता, ११० अंशांवर. अशा शेगडीत मळसूत्र फिरतं, कांड्या थोड्या थोड्या पुढे ढकलतं, पंखा वारा घालतो; माणसाने नुसतं बघत बसायचं. दहाच्या सुमारास तापमानाचा आकडा उतरायला लागला. नव्वद, ऐंशी. झाकण उघडलं तर निखारा विझलेला. कांड्यांच्या पेटीत हात घातला तर वरच्या कोरड्या होत्या आणि तळाला ओला भुसा. पिशवी आदल्या रात्री उघडी राहिली होती आणि पाऊस झाला होता. तो भुसा मळसूत्राच्या नळीत जाऊन असा घट्ट बसला, की स्क्रू काढून, सळईने कोरून तो बाहेर काढायला मला दोन तास लागले. मांस चुलीवर न्यावं लागलं. शिजलं, पण धुराचा वास नाही. पाहुणे काही बोलले नाहीत, मला मात्र ते आजही लागतं.

असं का होतं? कांडीत डिंक नसतो. कोरडा भुसा पोलादी साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबाने रेटतात, घर्षणाने तो तापतो, लिग्निन, म्हणजे लाकडातलंच तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, मऊ होतं आणि थंड होताना भुशाला धरून ठेवतं. म्हणून पाणी लागलं की तिचा पुन्हा भुसाच होतो. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. चांगल्या कांडीत ते दहा टक्क्यांच्या आत असतं. सगळी करामत त्या कोरडेपणाची आहे. हे इंधन मुळात घरं उबदार ठेवायला आलं. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये ‘जो ट्रेगर’ नावाच्या माणसाने ते स्वयंपाकाच्या शेगडीत आणलं. घर तापवायच्या कांड्या मात्र स्वयंपाकाला नकोत. त्यांत पाइनसारखं राळेचं लाकूड असू शकतं, त्याचा धूर कडवट.

पाच मिनिटं उरलीत म्हणे. तर लाकूड. ओक, हिकरी, मेपल यांच्या लिग्निनमधून ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही धुराला वास-चव देणारी दोन्ही द्रव्यं निघतात, पाइनसारख्या मऊ लाकडातून मुख्यतः ग्वायाकॉल. धुराचा तो गोडसर वास बराचसा सिरिंगॉलचा. हिकरी ठसठशीत, सफरचंद आणि चेरी सौम्य. पण ‘चेरी’ छापलेल्या पिशवीत बरंचसं ओक किंवा अल्डर अशा दुसऱ्याच झाडाचं लाकूडही असू शकतं, घटक वाचा. दुसरं, आच जितकी मोठी तितका धूर कमी. चव हवी असेल तर पहिले दोन-तीन तास मंद आचेवर काढा, मांस थंड आणि ओलसर असतानाच धूर त्याला चांगला धरतो. पांढरा दाट लोट नको, निळसर पातळ रेषा हवी.

दाराशी दोन डबे ठेवलेत. जाताना दोन्हींतली एकेक कांडी मोडून बघा, आणि सादळलेला डबा कुठला ते मला सांगा.