दारं धरणारे हात

(पहाट. पाटाच्या पाण्याचा आवाज. मक्याच्या सरीत दोन अनवाणी पाय.)

पाटाला पाणी आलंय. खोऱ्याचा एक घाव बसतो, मातीचा बांध फुटतो आणि पाणी पुढच्या सरीत शिरतं. ती भरली की तिचं तोंड चिखलानं बुजवायचं आणि पुढचं उघडायचं. आपल्याकडे याला दारं धरणं म्हणतात. दिसायला सोपं काम आहे, पण अर्धवट लक्ष देऊन ते जमत नाही. नजर हलली की पाणी भलतीकडे धावतं आणि कडेचं पीक तहानलेलं राहतं.

हे खोरं ज्या हातात आहे, ते हात खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतायत.

त्यांचा चेहरा या फिल्ममध्ये दिसणार नाही, नावही घेतलं जाणार नाही. त्यांच्यामुळे ज्या घरातला माणूस गेला, त्या घरापर्यंतही ही फिल्म पोचू शकते, याची आम्हाला जाणीव आहे.

(कॅमेरा हळूहळू वर जातो. शेत, बांध, झाडं, पलीकडे घरं.)

हे आहे स्वतंत्रपूर. सांगली जिल्हा, आटपाडी तालुका. सरकारदरबारी याची नोंद कारागृह म्हणून आहे. आता या चित्रात भिंत शोधा. तिच्यावरची काटेरी तार शोधा, टेहळणीचा मनोरा शोधा.

(निवेदन थांबते. दहा सेकंद फक्त माळरान आणि वारा.)

ही गोष्ट सुरू होते 1939 साली. तेव्हा हा मुलूख औंध संस्थानात होता. संस्थान छोटं, जेमतेम 72 गावांचं. राजे होते भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रं काढणारे, कीर्तन करणारे, सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांनी आपला अधिकार सोडून रयतेला स्वराज्याची घटना दिली. तिच्या मसुद्यामागे गांधीजींचा सल्ला होता. राजपुत्र अप्पा पंत या कामात पुढे होते. त्यांच्या सोबतीला होते पोलंडचे एक इंजिनिअर, मॉरिस फ्रिडमन. वॉर्सात जन्मलेला हा माणूस बंगळूरच्या विजेच्या कारखान्यात नोकरीला आला, गांधीविचारानं भारला गेला, खादी नेसू लागला आणि भारतानंद झाला.

(जुने कागद, औंधचा वाडा, यमाईचा डोंगर.)

ज्या राज्यात प्रजेवर विश्वास टाकायचा ठरलं होतं, तिथे तुरुंगाचा प्रश्न येणं साहजिक होतं. कैदी हासुद्धा रयतेतलाच माणूस. मग त्याच्यापुरता विश्वास संपतो का? फ्रिडमन यांच्या मनात कैद्यांच्या खुल्या वसाहतीची कल्पना होती आणि संस्थाननं तिच्यासाठी आटपाडीजवळची जागा दिली. माणदेशातली जमीन ती. पाऊस इथे पाहुण्यासारखा येतो. अशा माळावर गंभीर गुन्ह्यांतली माणसं आणायची, त्यांच्या हातात अवजारं द्यायची आणि पहाऱ्याला ठेवायचा फक्त दिलेला शब्द. कैद्यांच्या या वसाहतीला नाव मिळालं स्वतंत्रपूर. 1939 सालच्या हिंदुस्थानात हे नाव ठेवायलाही छाती लागत होती.

पुढे 1948 मध्ये संस्थान विलीन झालं. राजे गेले, वसाहत राहिली. याच तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या वसाहतीवरून कथा लिहिली, व्ही. शांताराम यांनी ती 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ या नावानं पडद्यावर आणली आणि सगळ्या देशानं ती डोळे पुसत पाहिली. पाहणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की ती जागा खरी आहे आणि आजही चालू आहे?

(घराचं अंगण. दोरीवर शाळेचा गणवेश वाळतोय. चुलीचा धूर.)

हा गणवेश एका कैद्याच्या मुलीचा आहे. इथे शिक्षा भोगणारा माणूस बायकोमुलांसह राहू शकतो.

पण इथवर कुणी थेट येत नाही. आधी बंद कारागृहातली वर्षं काढावी लागतात. पहाटे बराक उघडते, गिनती होते. काम होतं, पुन्हा गिनती. संध्याकाळी टाळाबंदी. वर्षानुवर्षं हेच. त्या काळात माणूस वागला कसा, काम केलं का, भांडणात पडला का, रजेवर गेला तर ठरल्या दिवशी परतला का, याची नोंद राहते. ती नोंद निवड समितीपुढे जाते आणि समितीला पटलं तरच नाव लागतं. खुनातल्या जन्मठेपेच्या कैद्याला साधारणपणे 14 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सुटका नाही, हा कायदा इथेही लागू आहे. शिक्षेतली वर्षं तीच राहतात, ती काढायची रीत तेवढी बदलते.

(एक हात लाकडी दाराच्या कडीवर. कडी उघडते. पुन्हा लागते.)

बंद कारागृहात कैदी स्वतः दार उघडत नाही. ते कुणीतरी उघडतं, कुणीतरी लावतं. वर्षानुवर्षं हे चाललं की हाताची सवयच मोडते. सुटल्यावरही माणूस दारापुढे उभा राहतो आणि कुणीतरी उघडेल म्हणून वाट पाहतो. कडक शिक्षेची मागणी करणाऱ्यांनी हे उभं राहणं एकदा जवळून पाहावं, असं मनापासून वाटतं. त्यांचा राग खोटा नाही. ज्याच्या घरातलं माणूस मारलं गेलं, त्याला सुधारणा हा शब्द जखमेवर मीठ वाटतो आणि तसं वाटण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण न्यायालय शिक्षा देतं ती स्वातंत्र्य काढून घेण्याची. मार, उपासमार, अपमान हे निकालपत्रात लिहिलेलं नसतं. 1978 साली सुनील बात्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की तुरुंगाचं दार लागलं म्हणून माणसाचे मूलभूत हक्क बाहेर राहत नाहीत.

(भरलेली बराक. रेखाचित्र. त्यावर आकडे उमटतात.)

2022 अखेरची सरकारी आकडेवारी पाहा. देशातल्या तुरुंगांची क्षमता 4,36,266. आत माणसं 5,73,220. त्यांतले 75 टक्क्यांहून अधिक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. झोपताना कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागेल, अशा दाटीत कडक शिक्षा कुणाला काय शिकवणार?

आणि यांतले बहुतेक जण कधी ना कधी बाहेर येणार आहेत. आपल्याच गावच्या वेशीतून आत येणार आहेत.

तुरुंगसुधारणा म्हटलं की नॉर्वेचं नाव निघतं. तिथलं हाल्डेनचं कारागृह 2010 मध्ये सुरू झालं आणि जगभरची माणसं ते पाहायला गेली. स्वतंत्रपूर त्याच्या 71 वर्षं आधीचं. आपल्याच मातीतलं हे काम आपल्या शाळेतल्या पुस्तकात यायला हवं होतं.

इथली शिक्षा संपली की सामान टेम्पोत चढतं, कुटुंब गावी जातं, त्या घरात दुसरं बिऱ्हाड येतं.

(दुपार. बांधावर डबा सोडलेला. मुलगी पाण्याची कळशी ठेवते.)

आम्ही त्यांना विचारलं, पहिल्या दिवशी इथे आल्यावर काय वाटलं? त्यांनी उत्तर दिलं नाही. खोरं उचललं आणि पाणी पुढच्या सरीत सोडलं.

(निवेदन थांबते. मुलगी बांधावर बसून राहते. पाणी सरीच्या टोकाला पोचतं.)

संध्याकाळ. हजेरीची वेळ. पुकारा होतो, एकेक जण हजर म्हणतो. जो पळू शकत होता, तो प्रत्येकजण रांगेत उभा आहे.

हजेरी संपते. खोरं धुऊन भिंतीला टेकवलं जातं. दिवा लागतो. मुलीच्या पाठोपाठ ते घरात जातात आणि दाराची कडी आतून लावतात.

(अंधार. पाटातलं पाणी वाहतंय.)