पाडव्याला बर्फ, अक्षय्य तृतीयेला ऊन

(दृश्य: इंग्लंडच्या नैऋत्येकडचा रस्ता. दोन्ही बाजूंना बर्फ. गाड्यांची रांग, दिवे चालू, हालचाल नाही.)

18 मार्च 2018. रविवार, गुढीपाडवा. महाराष्ट्रात दारोदारी गुढ्या उभ्या होत होत्या, तेव्हा इंग्लंडच्या दक्षिणेत बर्फ पडत होता. डेव्हनमध्ये ए-30 या हमरस्त्यावर लोकांना रात्र गाडीतच काढावी लागली.

त्यानंतर बरोबर महिन्याने, 18 एप्रिलला, अक्षय्य तृतीया आली. दुसऱ्या दिवशी लंडनच्या सेंट जेम्सेस पार्कात पारा 29.1 अंशांवर गेला. साडेतीन मुहूर्तांतले हे दोन मुहूर्त, मध्ये जेमतेम एक महिना.

अशा हवेला लहरी म्हणायची पद्धत आहे. पण लहरीला हिशेब नसतो, आणि इथे हिशेब आहे. ब्रिटनमध्ये ऊन, जमीन आणि समुद्र एकाच वेळी वसंतात येत नाहीत. ऊन सगळ्यांच्या आधी येतं. एप्रिलच्या मध्याला लंडनवर भर दुपारी सूर्य जितका वर असतो, तितकाच तो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात असतो. जमीन उन्हामागोमाग तापते. समुद्र मात्र फेब्रुवारीअखेर ते मार्च या दिवसांत वर्षातला सर्वांत थंड असतो, आणि एप्रिलमध्येही उत्तर समुद्राचं पाणी सात-आठ अंशांपलीकडे फारसं जात नाही. वर आर्क्टिकमध्ये तर अजून हिवाळाच असतो. थोडक्यात, डोक्यावर ऑगस्टचं ऊन आणि शेजारी फेब्रुवारीचं पाणी. कोणत्या दिवशी कोणाचं चालणार, ते वारा ठरवतो.

वाराही या दिवसांत एका दिशेचा राहत नाही. वर्षभर जोर असतो तो अटलांटिकवरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांचा. वसंतात त्यांची पकड सैल होते आणि उत्तरेच्या, पूर्वेच्या वाऱ्यांना वाव मिळतो. 30 मार्च 2021 ला दक्षिणेकडून हवा आली, तेव्हा लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये 24.5 अंश तापमान होतं. वारा उत्तरेला फिरला आणि 5 एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी, हिमाच्या सरी पडल्या. त्या सहा दिवसांत फक्त वाऱ्याची दिशा बदलली होती.

(दृश्य: पहाट. निवासी गल्ली. एका गाडीच्या काचेवर पांढरा थर. झाडाखालची गाडी कोरडी.)

एप्रिलमधला उत्तर-वाऱ्याचा एक दिवस सकाळपासून पाहू.

रात्रीच्या अंदाजात किमान तापमान 3 अंश सांगितलेलं असतं. सकाळी गाडीच्या काचेवर बर्फ. अंदाज चुकलेला नसतो. हवेचं तापमान मोजतात ते जमिनीपासून सुमारे 1.25 मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत. वारा पडलेल्या, निरभ्र रात्री जमीन, गवत आणि काच आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात, आणि भोवतालच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी गार होतात. म्हणून पेटीत 3 आणि गवतावर शून्याखाली. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीला फांद्यांचं छप्पर मिळतं, तिच्या काचेवर बहुधा काहीच नसतं. रात्री गाडी कुठे लावायची, याचं उत्तर इथेच मिळालं.

काचेवर उकळतं पाणी ओतू नये, काच तडकते. प्लॅस्टिकची खरवडणी पुरते. आणि समोर एक भोक पाडून निघायचं नाही. निघण्याआधी सगळ्या काचा साफ असायला हव्यात, असा तिथला वाहतुकीचा नियम आहे.

आठ वाजता आकाश धुतल्यासारखं निळं असतं. नवखा माणूस इथेच फसतो. दहाच्या सुमारास कापसाचे पहिले पुंजके दिसू लागतात. आता त्यांच्या माथ्याकडे पाहायचं. माथे सपाट, जणू वर कोणी पाट ठेवलाय, असे असतील तर दिवस कोरडा जाण्याची शक्यता जास्त. माथे फुलकोबीसारखे फुगत असतील आणि अकरापर्यंत ढगाची उंची रुंदीपेक्षा जास्त झाली असेल, तर दुपारपर्यंत सर येणार.

हा पाऊस आपल्या ओळखीचा आहे. तो थंड देशातला वळीव आहे. तळ तापतो, वरची हवा गार असते, खालची हवा बुडबुड्यासारखी वर उठते आणि ढग उभा राहतो. फरक मोजमापांचा आहे. महाराष्ट्रात वळवाचा ढग पंधरा किलोमीटरपर्यंत चढू शकतो. इथे चार-सहा किलोमीटरचा ढगही गडगडून गारा टाकतो. महाराष्ट्रात एप्रिलमध्ये शून्य अंशाची पातळी साडेचार-पाच किलोमीटरवर असते, त्यामुळे लहान गार खाली येईतो विरघळते आणि जमिनीवर पोचते ती मोठीच. ब्रिटनमध्ये उत्तरेची हवा असताना ती पातळी किलोमीटरभरावर आलेली असते. मग साबुदाण्याएवढ्या गाराही साबूत उतरतात.

(दृश्य: तळहातावर पांढरे दाणे. बोटाने दाबल्यावर चुरा होतो.)

साबुदाण्याची उपमा फक्त आकारापुरती नाही. हा दाणा पारदर्शक नसतो; पांढरा, भुसभुशीत असतो, चिमटीत धरला की चुरतो. हिमाच्या पाकळीवर अतिशीत, म्हणजे शून्याखाली जाऊनही न गोठलेल्या, पाण्याचे थेंब आदळून जागीच गोठतात आणि मध्ये हवा अडकते, त्यामुळे तो असा. त्याने गाडीचा पत्रा चेपत नाही, पण रस्ता दोन मिनिटांत निसरडा होतो. सायकलवाल्यांनी अशा वेळी वळणावर ब्रेक दाबू नये.

सर आली की पारा झपकन सहा-सात अंश उतरतो, कारण पावसाबरोबर वरची गार हवाही खाली येते. वीस मिनिटांनी पुन्हा ऊन. दुपारी दोन ते पाच हा सरींचा भर. सूर्य मावळला की तळ तापवणारं कोणी उरत नाही, आणि जमिनीवरचे ढग विरतात. किनाऱ्यालगत मात्र दुपार अनेकदा कोरडी जाते. समुद्र गार, त्यावरून येणारा वाराही गार, त्यामुळे ढग उठतच नाही. सरीच्या दिवशी फिरायला किनारा बरा तो यासाठी.

मोबाइलवर अर्धा सूर्य, अर्धा ढग आणि दोन थेंब दिसतात. ते चित्र म्हणजे काहीच न सांगण्याची सभ्य रीत आहे. त्यापेक्षा टक्के पाहा. दुपारी तीनला 40 टक्के, याचा अर्थ अशा परिस्थितीच्या दहा वेळांपैकी चार वेळा त्या ठिकाणी, त्या तासात पाऊस येतो. दिवसाचे 40 टक्के पाऊस पडेल, असा त्याचा अर्थ नाही. घराबाहेर पडताना मात्र रडार उघडायचं. त्याची चित्रं दर पाच मिनिटांनी बदलतात. पाच किलोमीटर रुंदीची सर ताशी तीस किलोमीटरने सरकत असेल, तर ती तुमच्यावरून जायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ दुकानाच्या छपराखाली उभं राहणं छत्रीपेक्षा परवडतं. या वाऱ्यात छत्री उलटतेच. नेमाने चालणारे लोक शिवणी आतून पट्टी लावून बंद केलेलं टोपीचं जाकीट घेतात. सुया गेलेली भोकं उघडी राहिली, तर कापड कितीही चांगलं असलं तरी खांद्यावर पाणी झिरपतं.

सरी सगळीकडे सारख्या पडतात असंही नाही. वायव्येचा वारा असेल तर आयरिश समुद्रावरून आलेल्या सरी वेल्सच्या डोंगरांत आणि पेनाइन रांगेत अडतात, आणि मधल्या सखल भागातून, ज्याला चेशर गॅप म्हणतात, एकामागे एक आत शिरून बर्मिंगहॅमपर्यंत पोचतात. वीस किलोमीटर बाजूला दिवसभर ऊन.

आणि इंद्रधनुष्य. आपण त्याला ऊन-पावसाची बाब समजतो. ती भूमितीचीही आहे. सूर्य 42 अंशांपेक्षा वर असला की सपाट जमिनीवरून ते दिसत नाही. 20 मार्चला लंडनमध्ये सूर्य भर दुपारीही 38 अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे दिवसभरात कधीही कमान दिसू शकते. एप्रिलच्या मध्याला सूर्य 48 वर चढतो आणि दुपारची कमान बंद होते. मग सकाळी पश्चिमेला, दुपार कलल्यावर पूर्वेला पाहायचं.

याच उन्हात लोक भाजूनही घेतात. हवा 11 अंश, अंगात स्वेटर, म्हणून कोणी टोपी घालत नाही. ऊन मात्र ऑगस्टचं असतं. मान आणि नाकाचा शेंडा संध्याकाळपर्यंत लाल.

(दृश्य: एडिंबरा. पोर्टोबेलोचा किनारा. समुद्रावरून करड्या ढगाची भिंत पुढे सरकते. मागची घरं पुसली जातात.)

वारा पूर्वेचा झाला की सरींचं राज्य संपतं आणि वेगळाच प्रकार सुरू होतो. युरोपावरची उबदार हवा उत्तर समुद्राच्या गार पाण्यावरून येते, खालून थंड होते आणि तिचं धुकं बनतं. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर त्याला हार म्हणतात, ईशान्य इंग्लंडमध्ये फ्रेट. सकाळी ऊन असतं, जमीन तापते, दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि तोच हे धुकं आत ओढून आणतो. म्हणजे जितकी सकाळ छान, तितकी दुपार बिघडण्याची शक्यता जास्त. एडिंबरामध्ये 9 अंश आणि सत्तरेक किलोमीटरवरच्या ग्लासगोमध्ये त्याच वेळी 20, असे दिवस एप्रिल-मेमध्ये येतात. हारमधून बाहेर पडायला पश्चिमेकडची गाडी पकडणं हा एक उपाय. दुसरा म्हणजे टेकडी चढणं. थर अनेकदा काहीशे मीटरच जाड असतो.

(दृश्य: वेल्समधलं कुरण. पाऊस तिरका. नुकतीच व्यालेली मेंढी कोकराला चाटते आहे.)

शहरात हे सगळं कपड्यांपुरतं असतं. कुरणात तसं नाही. मार्च-एप्रिल हा मेंढ्या विण्याचा हंगाम. मेंढपाळ अंदाजातलं तापमान वाचतो, पण त्याची नजर असते पाऊस आणि वारा एकत्र येतात का, यावर. उणे दोन अंशांची कोरडी, शांत रात्र धडधाकट कोकरू काढतं. पाच अंश, पाऊस आणि वारा यांत ते जातं, कारण जन्मतः ते ओलं असतं, आणि ओल्या लोकरीतून वारा ऊब काढून घेतो.

कोकराचं नेहमीचं तापमान 39 ते 40 अंश. 37 ते 39 मध्ये आढळलं, तर पुसून कोरडं करायचं, आडोशाला घ्यायचं आणि चीक पाजायचा. चिकाचं प्रमाण ठरलेलं आहे: पहिल्या दोन तासांत दर किलो वजनामागे 50 मिलिलिटर, म्हणजे चार किलोच्या कोकराला 200. पहिल्या चोवीस तासांत याच्या चौपट.

37 च्या खाली गेलं की चूक जिवावर बेतते, आणि ती चूक करते मायाच. गारठलेलं कोकरू पाहिलं की माणूस ते आधी शेकोटीजवळ नेतो. पाच तासांच्या आतल्या कोकराला ते चालतं; जन्मताना अंगात आलेली खास चरबी अजून शिल्लक असते. त्यापेक्षा मोठ्या कोकराची ती चरबी जळून गेलेली असते. त्याला नुसती ऊब दिली, तर शरीराचा खर्च वाढतो, रक्तात साखर नसते, झटके येतात आणि ते मरतं. म्हणून आधी 20 टक्क्यांचं ग्लुकोज, अंगाच्या उबेइतकं कोमट करून, किलोला 10 मिलिलिटर, पोटाच्या पोकळीत टोचायचं आणि मगच शेकायचं. ही सुई कुठे, कशा कोनात टोचायची, ते पशुवैद्याकडून हातावर शिकून घ्यावं लागतं. डोकं उचलता येत नसेल तर तोंडाने काही पाजायचं नाही, दूध फुप्फुसात जातं.

या उशिराच्या थंडीला लोकांनी नावंही दिली आहेत. काटेरी ब्लॅकथॉर्नला पानांआधी पांढरी फुलं येतात, त्या सुमाराची ती ब्लॅकथॉर्न विंटर. स्कॉटलंडमध्ये कुकू पक्ष्याला गौक म्हणतात. तो येतो तेव्हाचं वादळ ते गौक स्टॉर्म.

(दृश्य: केंटमधली सफरचंदाची बाग, पूर्ण फुललेली. पहाटेचं निळं ऊन.)

बागेत घात होतो तो फुलोऱ्यात. सफरचंदाचं झाड उणे दहा सहज सोसतं. पूर्ण उमललेलं फूल नाही. उणे दोनच्या आसपास दहातलं एक फूल जातं, उणे चारला दहातली नऊ. गार हवा पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगट भागात साचते. उताराच्या तळाशी दाट कुंपण असेल तर तिथे तिचं तळंच होतं. कुंपणात खाली फट ठेवली की ती निघून जाते.

घरच्या वाफ्यांसाठी बागेचं पांढरं फ्लीस, म्हणजे रोपांवर पांघरायचं पातळ कापड, मिळतं. चौरस मीटरला 17 ग्रॅमचं हलकं, 30 ग्रॅमचं जाड. ते सूर्य असतानाच पसरायचं, म्हणजे मातीतली ऊब आत राहते, आणि काठ्यांवर ताणायचं. कापड पानाला टेकलं की टेकलेल्या जागी पान काळं पडतं. टोमॅटो, मिरची, दुधीची रोपं दोन-तीन आठवडे दिवसा बाहेर, रात्री आत अशी सरावल्याशिवाय जमिनीत लावू नयेत. लंडनच्या बागेत मेच्या मध्यापर्यंत, स्कॉटलंडच्या उत्तरेत जूनच्या तोंडापर्यंत धोका असतो. कोथिंबीर आणि मेथी त्या मानाने काटक आहेत.

(दृश्य: डर्बीशरमधलं बक्स्टन. हिरवं मैदान, भोवती टेकड्या.)

हवामानखात्याचा वसंत 31 मेला संपतो. 1975 मध्ये त्याच दिवशी बक्स्टनच्या मैदानात लँकेशरच्या क्लाइव्ह लॉइडने डर्बीशरविरुद्ध नाबाद 167 धावा केल्या. रविवार सुट्टीचा. सोमवारी, 2 जूनला, खेळाडू आले तेव्हा मैदानावर बर्फ होता, आणि त्या दिवशी खेळ झाला नाही. मंगळवारी त्या भिजलेल्या खेळपट्टीवर डर्बीशरचा संघ 42 धावांत आटोपला. त्याच आठवड्यात, 7 जूनला, लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाचा भारत-इंग्लंड सामना झाला. सुनील गावसकर 60 षटकं टिकून नाबाद 36 वर परतले. त्या खेळीबद्दल खूप काही बोललं गेलं. दोष हवेला मात्र कोणी दिला नाही, कारण ती उत्तम होती.